अक्षरे नीट दिसणारा लॅपटॉप

मी पुण्यात घरून पुस्तकांची आणि नियतकालिकांची पृष्ठमांडणी करते. वर्षभर पुस्तके असतात आणि जुलैपासून दसऱ्यापर्यंत दिवाळी अंक. २०२५ च्या जुलैमध्ये पहिल्या अंकाचा मजकूर हाती आला आणि त्याच आठवड्यात माझ्या आठ वर्षे वापरलेल्या लॅपटॉपची उजवी बिजागरी तुटली. झाकण उघडताना खालचे प्लास्टिक उचकटून वर येत होते आणि पडदा ठरावीक कोनात ठेवला नाही तर त्यावर आडव्या रेघा उमटत होत्या. दुरुस्ती करणाऱ्याने बिजागरी बसवून दिली, परंतु स्क्रू ज्या खोबणीत बसतात ती खोबणच झिजली असल्यामुळे हे काम किती दिवस टिकेल याची खात्री देता येत नाही, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. नव्या लॅपटॉपचा विचार तेथून सुरू झाला आणि खरेदी सप्टेंबरच्या अखेरीस झाली. मधल्या अडीच महिन्यांत जे पाहिले, वाचले आणि तपासले, ते सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण हेच काम करणाऱ्या दोघीतिघींनी नंतर मला तेच प्रश्न विचारले आणि फोनवर प्रत्येक वेळी काहीतरी सांगायचे राहून गेले.

जुन्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा कोअर आय५-७२००यू हा दोन कोअरचा, म्हणजे दोन स्वतंत्र गणनकेंद्रांचा, प्रोसेसर, ८ जीबी रॅम (चालू कामाला लागणारी स्मृती), २ जीबीचे जीफोर्स ९४०एमएक्स ग्राफिक्स कार्ड आणि १३६६ × ७६८ पिक्सेलचा १५.६ इंची पडदा होता. २०२० मध्ये त्याची फिरती हार्ड डिस्क काढून मी एसएसडी बसवून घेतली होती आणि पुढची पाच वर्षे तो चालला, ते बहुतांशी त्या एका बदलामुळे. बिजागरी तुटली नसती तरी एक अडचण समोर उभी होतीच. विंडोज ११ साठी इंटेलचे साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर पात्र धरले जातात आणि माझा सातव्या पिढीचा होता. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता, म्हणजे धनत्रयोदशीच्या बरोबर चार दिवस आधी. सुरुवातीला या तारखेचे मी फार दडपण घेतले. नंतर समजले की घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, म्हणजे आणखी एक वर्ष, नोंदणी करून घेता येतात आणि आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला तर त्यासाठी पैसेही भरावे लागत नाहीत. ही नोंदणी मी केली. तारखेचा धाक गेल्यामुळेच पुढचे सगळे शांतपणे पाहता आले. सणाच्या जाहिराती आणि संपत आलेली मुदत या दोन्ही गोष्टी एकदम अंगावर घेऊन खरेदीला निघाले असते, तर काय घेतले असते हे मला आज नीट कळते.

पहिले दोन आठवडे मी एकही लॅपटॉप पाहिला नाही. आपल्याला नक्की काय कमी पडते आहे, हे आधी मोजायचे ठरवले. टास्क मॅनेजर उघडा ठेवून काम केले आणि काम अडले की आकडे वहीत लिहून ठेवले. छायाचित्रांनी भरलेला २८० पानांचा अंक इनडिझाईन या पृष्ठमांडणीच्या प्रोग्राममध्ये उघडा, शेजारी फोटोशॉपमध्ये मुखपृष्ठ, ब्राउझरमध्ये संपादकांचा पत्रव्यवहार, एवढ्या कामातच ८ पैकी ७.६ जीबी रॅम भरलेली असे आणि त्यापुढे प्रत्येक गोष्ट डिस्कवर ढकलली जात असल्यामुळे पान उलटायलासुद्धा वेळ लागे. छापखान्यासाठी पीडीएफ काढायला ११ मिनिटे लागत. एका अंकाची पीडीएफ अखेरच्या आठवड्यात पंधरा-वीस वेळा काढावी लागते, कारण प्रत्येक वेळी एखादी जाहिरात बदलते किंवा एखाद्या लेखकाची शेवटची दुरुस्ती येते. कमांडच्या खिडकीत पॉवरसीएफजीचा बॅटरी अहवाल काढला, तेव्हा बॅटरीत मूळ क्षमतेच्या ३८ टक्केच जोर उरल्याचे दिसले. या नोंदींवरून एक गोष्ट स्पष्ट झाली. माझ्या कामाला रॅम कमी पडत होती आणि एकेका कोअरचा वेग कमी पडत होता. ग्राफिक्स कार्ड कामाच्या नोंदीत कुठेच आले नाही.

ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न खेळांमुळे आला. माझा धाकटा भाऊ म्युनिकला असतो. गेली तीन वर्षे दर शनिवारी रात्री साडेनऊला, म्हणजे उन्हाळ्यात त्याच्या संध्याकाळी सहाला, आम्ही ‘एज ऑफ एम्पायर्स २’ची नवी आवृत्ती खेळतो. फोनवर पाच मिनिटांत संपणारे बोलणे खेळताना दोन तास चालते, आईच्या तब्येतीपासून त्याच्या ऑफिसपर्यंत सगळे त्यात येते, म्हणून हे दोन तास मला फार मोलाचे वाटतात. या खेळाची एक तांत्रिक बाजू मला उशिरा कळली. तो सर्व खेळाडूंच्या संगणकांवर एकाच तालात पुढे सरकतो. त्यामुळे एकाचा संगणक मागे पडला की सगळ्यांचाच खेळ संथ होतो. चार जण खेळत असताना मोठी लढाई सुरू झाली की माझ्या दोन कोअरच्या प्रोसेसरमुळे भावाचे आणि त्याच्या मित्रांचे सैन्यसुद्धा चिखलातून चालल्यासारखे सरकायचे. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण मला ते खटकत होते. याखेरीज भाच्याला सुट्टीत ‘फोर्झा होरायझन ५’ खेळायचे होते आणि ‘राजी’ हा पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने बनवलेला खेळ मला स्वतःला खेळायचा होता. तो संगणकावर २०२० मध्ये आला, पण जुन्या लॅपटॉपवर नीट चालणार नाही म्हणून मी तो बाजूला ठेवला होता.

भावाला सांगितल्यावर त्याने विचारले, “ताई, बजेट किती?” मी ८० हजार म्हटले. त्याने लगेच आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपची यादी पाठवली आणि मीही पहिले दहा दिवस त्याच यादीत अडकले. ती चूक त्याची नव्हती, माझी होती, कारण दोन आठवडे मोजमाप करून काढलेला निष्कर्ष मी स्वतःच बाजूला ठेवला आणि ग्राफिक्स कार्डाच्या क्रमांकावरून लॅपटॉप लावायला बसले. त्या दहा दिवसांत शिकायला मात्र मिळाले. लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स कार्डाचे नाव आणि त्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी असतात. आरटीएक्स ४०५० आणि ४०६० ही दोन्ही कार्डे ३५ ते ११५ वॉट यांपैकी कितीही मर्यादेवर बसवण्याची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्याला असते. पातळ आणि हलक्या लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर टाकायला जागा नसते, म्हणून तेथे तेच कार्ड कमी वॉटवर बांधलेले असते. खोक्यावर मोठ्या अक्षरात नाव असते आणि वॉटचा आकडा मात्र कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तांत्रिक तक्त्यात, पुष्कळ खाली. कमी वॉटवर बांधलेले ४०६० आणि पुरेशा वॉटवर चालणारे ४०५० यांच्यातला फरक बराच कमी होतो, हे लक्षात आल्यावर क्रमांकाचे आकर्षण ओसरले. ४०५० मध्ये ६ जीबी स्मृती असते आणि ४०६० मध्ये ८ जीबी. नव्या, जड खेळांसाठी तो फरक खरा आहे. माझ्या तीन खेळांसाठी नाही.

प्रोसेसरच्या नावांनी त्याहून जास्त गोंधळ घातला. एएमडीच्या रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू या तीन नावांत फक्त एका अंकाचा फरक आहे आणि दुकानात ती एकाच रांगेत मांडलेली असतात. प्रत्यक्षात तो तिसरा अंक आतल्या रचनेची पिढी सांगतो. पहिल्यात झेन २, दुसऱ्यात झेन ३ आणि तिसऱ्यात झेन ४. झेन २ ही रचना २०१९ ची आहे आणि झेन ४ ही २०२२ ची. इंटेलकडेही आय५-१२४५०एच आणि आय५-१३४२०एच यांची नावे वेगळ्या पिढ्यांची असली, तरी दोघांत मोठे चार आणि छोटे चार असे आठच कोअर आहेत. नंतर आलेल्या कोअर ५ २१०एच मध्येही तीच विभागणी आहे. एका दुकानात मला यांतल्या पहिल्या दोन प्रोसेसरांपैकी नवीन क्रमांकाचा सहा हजारांनी महाग सांगितला गेला. उरलेल्या सगळ्या गोष्टी सारख्या होत्या. नावाच्या शेवटचे अक्षरही पाहावे लागते. यू असेल तर कमी विजेवर चालणारा, एच असेल तर जास्त ताकदीचा, आणि एचएक्स असेल तर त्याहून जास्त ताकदीचा आणि जास्त तापणारा. मी निदान आठ कोअरचा एच मालिकेचा प्रोसेसर ही अट धरली आणि या विषयात अधिक खोल गेले नाही, कारण इनडिझाईन अनेक कोअरचा फारसा उपयोग करून घेत नाही, हा माझा जुना अनुभव आहे.

पडद्याकडे मी वळले ती ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आठवड्यात, आणि तेही एका अंकाच्या मुखपृष्ठामुळे. मुखपृष्ठावर झेंडूच्या फुलांचा ढीग होता. छापखान्यातून नमुना आला तेव्हा केशरी रंग माझ्या पडद्यावर दिसत होता त्याहून कितीतरी भडक निघाला. चित्रकाराचे म्हणणे होते की तो त्याने काढला तसाच आहे. माझ्याच पडद्याला तो केशरी दाखवता येत नव्हता. आठ वर्षे मी या पडद्यावर रंग पाहून निर्णय देत होते आणि चित्रकार, छापखानेवाले यांच्याशी त्यावरून वादही घातले होते. त्या दिवसापासून निवडीचा क्रम उलटा झाला. आधी पडदा, मग रॅम, मग प्रोसेसर आणि सर्वांत शेवटी ग्राफिक्स कार्ड.

८० हजारांच्या आतल्या पुष्कळशा गेमिंग लॅपटॉपमध्ये पडद्यावरच काटकसर केलेली असते, ही गोष्ट मला तोपर्यंत माहीत नव्हती. तक्त्यात ‘४५ टक्के एनटीएससी’ (एनटीएससी हे रंगांच्या व्याप्तीचे एक जुने माप) असे लिहिलेले असेल, तर तो पडदा एसआरजीबी या नेहमीच्या रंगपट्ट्यापैकी साधारण ६० ते ६५ टक्केच रंग दाखवू शकतो. लाल आणि केशरी त्यावर विटकरीकडे झुकतात, त्वचेचा रंग निस्तेज दिसतो. ‘१०० टक्के एसआरजीबी’ किंवा ‘७२ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असेल तर तो कामाचा. प्रकाश २५० निट असेल तर दिवसा खिडकीजवळ बसून मजकूर वाचताना डोळे ताणावे लागतात. ३०० निट मला पुरेसे वाटले. सर्वांत घोटाळ्याची बाब म्हणजे एकाच नावाच्या मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारचे पडदे येतात. नाव तेच, रंग तोच, किंमतही जवळपास तीच, फक्त मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या चार-पाच अक्षरांत फरक. म्हणूनच मी शेवटी घेतलेल्या लॅपटॉपचे नाव येथे लिहीत नाही. ते नाव वाचून कोणी दुकानात गेले तर दुसऱ्या पडद्याचा लॅपटॉप हाती पडण्याची शक्यता बरीच आहे.

रंगाइतकीच मला अक्षरांची काळजी होती. देवनागरीत एका ओळीच्या उंचीत रफार, वेलांटी, शिरोरेघ, अक्षर आणि खालचा उकार एवढे सगळे मावायचे असते. रोमन लिपीत जेवढे पिक्सेल पुरतात, तेवढ्यात आपल्याकडे ‘ष्ठ्य’ आणि ‘द्ध्व’ यांचा गोळा होतो. माझ्या जुन्या पडद्यावर एका इंचात १०० पिक्सेल होते. १५.६ इंचांवर १९२० × १०८० पिक्सेल असतील तर एका इंचात १४१ होतात आणि १६ इंचांवर २५६० × १६०० असतील तर १८९. हा फरक कागदावर वाचून कळत नाही. म्हणून मी एक पीडीएफ तयार केली. पहिल्या पानावर ते झेंडूचे मुखपृष्ठ, दुसऱ्यावर ९ पॉइंटमधला जोडाक्षरांनी भरलेला मजकूर, तिसऱ्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या राखाडी पट्ट्या आणि चौथे पान पूर्ण पांढरे. ती पेनड्राइव्हवर घेऊन मी तीन शनिवार पुण्यातली सहा दुकाने फिरले.

बहुतेक ठिकाणी दाखवायला ठेवलेल्या लॅपटॉपवर कंपनीचा चकचकीत व्हिडिओ फिरत असतो आणि तो थांबवून आपली फाइल उघडू द्यावी लागते याचे दुकानदारांना थोडे नवल वाटते. एका दुकानातल्या काकांनी मात्र स्वतःहून दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवून दिले आणि म्हणाले, “मॅडम, गेमिंगचा घेताय आणि पडद्याचंच एवढं बघताय, असं गिऱ्हाईक कमी येतं. बघा निवांत.” एकात ४०६० होते आणि ४५ टक्क्यांचा पडदा, दुसऱ्यात ४०५० आणि १०० टक्के एसआरजीबीचा. किमतीत दीड हजाराचा फरक होता. दोन्हींवर मुखपृष्ठ उघडले आणि पुढचे काही बोलावेच लागले नाही. पहिल्यावरची फुले सुकलेली होती. दुसऱ्यावरची मी छापखान्याच्या नमुन्याशी ताडून पाहिली, कारण तो नमुना मी पिशवीत घालून नेला होता. छापील शाई आणि पडद्याचा प्रकाश कधीच हुबेहूब जुळत नाहीत, पण या पडद्यावर पाहून अंदाज बांधता येईल एवढे जवळ ते आले होते. २५६० × १६०० चा पडदा अक्षरांसाठी उत्तमच होता, मी तो दोनदा परत जाऊन पाहिला, परंतु तो असलेला प्रत्येक लॅपटॉप एक लाखाच्या पुढे होता. १४१ पिक्सेलवर ९ पॉइंटचा मजकूर मोठा न करता वाचता आला आणि मी तेथे थांबले.

मधल्या काळात इतर मार्गही पाहिले. मॅकबुक एअर एम४ ची किंमत ९९,९०० रुपयांपासून सुरू होत होती. त्याचा पडदा सुंदर आहे आणि इनडिझाईन त्यावर चालते, पण आमचा शनिवारचा खेळ मॅकवर येत नाही आणि पैसेही वीस हजारांनी जास्त. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप बॅटरीला फार चांगले आहेत, परंतु त्यांवर जुन्या उपकरणांचे ड्रायव्हर त्या प्रोसेसरसाठी नव्याने लिहिलेले असतील तरच चालतात. रायझन ७ ८८४५एचएस असलेला १४ इंची, दीड किलोच्या आतला एक लॅपटॉप मला मनापासून आवडला होता. त्याच्या प्रोसेसरमधलेच रेडिऑन ७८०एम ग्राफिक्स माझ्या शनिवारच्या खेळाला सहज पुरले असते. तो दोन कारणांनी सोडला. त्याची १६ जीबी रॅम बोर्डावरच झाळलेली होती, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही. आणि त्याचा पडदा ओलेड होता. ओलेडचे रंग देखणे असतात, पण इनडिझाईनच्या पट्ट्या माझ्या पडद्यावर रोज दहा-दहा तास एकाच जागी स्थिर असतात आणि अशा स्थिर चित्राची पुसट खूण कायमची राहण्याचा धोका ओलेडला असतो. ज्याला काम कमी आणि प्रवास जास्त आहे, त्याने तो जरूर पाहावा.

माझ्याकडे आणखी एक अडचण होती, जी या व्यवसायातल्या अनेकांकडे आहे. जुनी पुस्तके युनिकोड या आजच्या प्रमाण अक्षरसंकेताच्या आधीच्या फॉण्टमध्ये जुळवलेली आहेत आणि ती उघडायला लागणारे फॉण्टचे सॉफ्टवेअर यूएसबी लॉक, म्हणजे यूएसबी खाचेत लावायची परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय चालत नाही. दुकानदार नव्या लॅपटॉपवर ते बसवू देणार नव्हते. म्हणून एका मैत्रिणीच्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर तिच्या परवानगीने करून पाहिले. लॉकचा जुना ड्रायव्हर विंडोजच्या ‘मेमरी इंटिग्रिटी’ या संरक्षणामुळे अडवला गेला. ते संरक्षण बंद केले की तो चालला. पण सगळ्या प्रकाशकांच्या फाइली ज्या यंत्रावर असणार, त्याचे संरक्षण कायमचे बंद ठेवणे मला पटले नाही. हे खरेदीआधीच समजले म्हणून जुना लॅपटॉप या कामासाठी ठेवायचे ठरवता आले. अशा लॉकवर ज्यांचे काम अवलंबून आहे, त्यांनी पैसे देण्यापूर्वी हा प्रयोग कोणाच्या तरी यंत्रावर करावाच, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

किमतीच्या बाबतीत सप्टेंबरमध्ये बरीच चर्चा होती. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होण्याची घोषणा झाली तेव्हा सगळ्यांनी मला थांबायला सांगितले आणि मी थांबले. प्रत्यक्षात २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू झाले त्यात मोठे टीव्ही आणि एसी २८ वरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉपवर आधीही १८ टक्केच होता आणि तो तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी ऑनलाइन सणाची विक्री सुरू झाली. तेथे माझा लॅपटॉप कार्डाची सूट धरून ७९,९९० रुपयांना होता आणि काकांच्या दुकानात ८३,००० ला. ‘विनाव्याज’ हप्त्यांचाही हिशेब केला. त्यात व्याजाइतकी सूट आधी दिली जाते खरी, पण बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रक्रिया शुल्क घेतेच, म्हणून ते पूर्ण विनाव्याज नसते. मी तीन हजार जास्त देऊन दुकानातून घेतला. खोके माझ्यासमोर उघडायचे, पडदा वेगळा निघाला तर परत घ्यायचा, हे काकांनी मान्य केले होते. ऑनलाइन यादीत पडद्याच्या रकान्यात फक्त ‘फुल एचडी, १४४ हर्ट्झ’ एवढेच होते. ज्या गोष्टीसाठी मी महिनाभर घालवला, तीच तेथे लिहिलेली नव्हती.

२७ सप्टेंबरला, शनिवारी सकाळी, खोके उघडले. पहिले काम म्हणून एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवला. तो आत बसवलेल्या पडद्याचा निर्माता आणि क्रमांक दाखवतो. तो क्रमांक मी आधी शोधून वहीत लिहिलेल्या क्रमांकाशी जुळला. मग पांढरे, काळे, लाल, हिरवे आणि निळे पान लावून एखादा पिक्सेल मेलेला आहे का ते पाहिले, सर्व यूएसबी खाचांत पेनड्राइव्ह लावून पाहिला, कीबोर्डवरची प्रत्येक कळ दाबली, कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक घालून वॉरंटीची तारीख बिलाशी ताडली. या सगळ्याला पाऊण तास लागला आणि काकांनी मध्येच चहा मागवला.

नवा लॅपटॉप घरी आला तरी चालू अंक मी त्यावर हलवले नाहीत. फॉण्टची आवृत्ती किंवा इनडिझाईनची आवृत्ती किंचित जरी वेगळी असली, तरी ओळी पुन्हा वाहतात, एखादा परिच्छेद पुढच्या पानावर सरकतो आणि अनुक्रमणिकेतले आकडे चुकतात. छपाईला दहा दिवस उरले असताना ही जोखीम घेण्यात अर्थ नव्हता. उरलेले दोन अंक जुन्या लॅपटॉपवर, पडद्यामागे पुस्तकांचा टेकू लावून, पूर्ण केले. नव्यावर फक्त एक नवीन पुस्तक सुरू केले. ८ ऑक्टोबरला शेवटचा अंक छापखान्यात गेला आणि त्याच रात्री तो अंक तुलनेसाठी नव्यावर उघडून त्याची पीडीएफ काढली. ११ मिनिटांचे काम पावणेदोन मिनिटांत झाले.

त्रास आहेत, ते सांगायला हवेत. लॅपटॉप २.४ किलोचा आहे आणि चार्जर विटेएवढा. ग्राफिक्स कार्ड जोर लावते तेव्हा पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत जातो आणि कीबोर्डचा वरचा भाग गरम होतो. सुरुवातीला बॅटरी दोन तासही पुरेना, कारण ग्राफिक्स कार्ड सतत जागे होते. सेटिंग हायब्रिडवर, म्हणजे गरज असेल तेव्हाच ते कार्ड चालेल असे, आणल्यावर आणि बॅटरीवर असताना पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो तो आकडा १४४ वरून ६० हर्ट्झवर उतरवल्यावर मांडणीचे काम चार तासांच्या आसपास चालू लागले, म्हणजे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेवढा वेळ निभावतो. घरी तो दिवसभर चार्जरलाच असतो म्हणून बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय पहिल्याच दिवशी सुरू केली. खेळांच्या बाबतीत काही कमी नाही. पहिल्या शनिवारी चौघांचे सैन्य एकाच किल्ल्यावर तुटून पडले आणि खेळ एकदाही अडखळला नाही. भावाने लढाई अर्ध्यावर सोडून विचारले, “ताई, आलाय का नवीन?”

एक निर्णय मात्र चुकला. लॅपटॉपमध्ये १६ जीबीची एकच रॅम पट्टी आहे आणि दुसरी खाच रिकामी. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला स्मृतीशी दुप्पट रुंद वाट मिळते, आणि मला कामासाठी ३२ जीबी हवीच होती. सप्टेंबरमध्ये काकांनी दुसरी पट्टी घेऊन ठेवा असे सांगितले होते. एकदम एवढा खर्च नको म्हणून मी ती दिवाळीनंतर घ्यायचे ठरवले. नोव्हेंबरमध्ये बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले तेव्हा तीच पट्टी जवळजवळ दुप्पट भावाने सांगितली गेली. स्मृतीच्या चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली क्षमता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडे वळवल्यामुळे जगभर दर चढले होते आणि दुकानदार रोजचा भाव रोज ठरवत होते. मी तीन दुकाने फिरून रिकाम्या हाताने परत आले. सध्या १६ जीबीवर काम चालले आहे. मुखपृष्ठ आणि अंक एकाच वेळी उघडले की १३ जीबीच्या पुढे आकडा जातो, एवढी नोंद वहीत झाली आहे.

जुना लॅपटॉप विकला नाही. त्याचे वाय-फाय बंद करून तो खिडकीशेजारच्या टेबलावर कायमचा उघडा ठेवला आहे, कारण बिजागरी आणखी एकदा बंद-उघड सहन करील असे वाटत नाही. यूएसबी लॉक त्यालाच लावलेला असतो. गेल्या महिन्यात एका प्रकाशकांना २००९ सालच्या कवितासंग्रहाची नवी आवृत्ती काढायची होती. त्या फाइली त्याच्यावर उघडल्या, मजकूर युनिकोडमध्ये बदलून पेनड्राइव्हने नव्यावर आणला आणि जोडाक्षरे एकेक करून तपासायला घेतली.